कोतवाल बुकातली ‘मुलगी’

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलता बोलता झालेल्या चार-दोन चुका दुरुस्त केल्यात, बाकी भाषा तीच ठेवली आहे.

आजचा विषय ऐकायला एकदम कोरडा आहे: गावाचं दप्तर. सातबारा, फेरफार, कोतवाल बुक, ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग. थांबा, लगेच बंद करू नका! कारण या दप्तरात तुमचं नाव आहे का, आणि असलं तर कुणी, कधी आणि कशासाठी लिहिलं, यावर तुमच्या घरातल्या बऱ्याच गोष्टी ठरल्यात.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो.

आमचं गाव बोरी नदीच्या काठी, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या शिवेजवळ. मागच्या वर्षी चुलतभावाला ॲडमिशनसाठी जातीचा दाखला हवा होता. त्यासाठी पणजोबांच्या काळातली नोंद शोधायची होती. म्हणून मी आणि काका एका तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गेलो. कचेरीचं नाव घेत नाही. तीन खेपा झाल्या. पहिल्या दोन वेळा ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं सांगितलं. तिसऱ्या वेळी एका कर्मचाऱ्याने लाल कापडात बांधलेला गठ्ठा समोर टाकला आणि म्हणाला, ‘शोधा तुम्हीच.’

ते होतं कोतवाल बुक. म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं रजिस्टर, सरकारी भाषेत गाव नमुना १४. पानं पिवळी, कडा वाळवीने खाल्लेल्या, अक्षर मोडी. सोबत मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी होते, म्हणून निभावलं. पणजोबांची नोंद सापडली. काका खूश. निघताना मला आठवलं, आजीने सकाळी मला बजावलं होतं: ‘मनंबी नाव देख रे भाऊ त्यामा.’ माझंही नाव बघ रे त्यात.

आजीचं माहेर त्याच तालुक्यातलं. तिच्या गावाचा गठ्ठा काढला, साल १९३७. गुरुजींनी बोट ठेवलं आणि वाचलं. तारीख, बापाचं नाव, जात आणि पुढे एकच शब्द: ‘मुलगी’.

बस, एवढंच. नाव नाही. आईचं तर नाहीच.

घरी आल्यावर आजीने विचारलं, ‘काय लिखेल शे?’ मी म्हणालो, आजी, तुझी नोंद आहे. ती हसली. मी पुढचं बोललो नाही. पण डोक्यातून ते गेलं नाही. शहाऐंशी वर्षांची बाई, जिने निम्मं शेत अंगावर ओढलं, ती सरकारच्या वहीत फक्त ‘मुलगी’?

आता लगेच संतापून उपयोग नाही. आधी कारण समजून घेऊ. नोंद व्हायची ती जन्मानंतर लगेच, आणि बारसं व्हायचं नंतर. त्यामुळे मुलग्यांचीही नावं अनेकदा नसतात, ‘अमक्याला मुलगा झाला’ एवढंच असतं. दाखल्यासाठी हिंडणाऱ्या हजारो कुटुंबांना हा अनुभव आहे. पण मुलग्याचं नाव पुढे सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, मतदार यादीत कुठेतरी येतंच. शाळेत न गेलेल्या, शेत नावावर नसलेल्या मुलीचं कुठे येणार?

म्हणून प्रश्न पडला: ही वही मुळात कोणी सुरू केली? तिला काय हवं होतं?

दप्तर घरात, रुमालात

इंग्रज येण्याआधी आपल्याकडच्या गावाचा कारभार दोन माणसांभोवती फिरायचा, पाटील आणि कुलकर्णी. पाटील गावाचा प्रमुख: वसुली, तंटे, बंदोबस्त त्याच्याकडे. कुलकर्णी लिहिणारा: कोणाकडे किती जमीन, किती पीक, किती सारा, किती बाकी. दोन्ही पदं वतनी, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी. पाटीलकीच्या वाटण्या व्हायच्या, निम्मी पाटीलकी विकलीही जायची.

आणि दप्तर? ते कचेरीत नसायचं, कुलकर्ण्याच्या घरात असायचं. बोरूने मोडीत लिहिलेले कागद कापडात बांधायचे, त्या गठ्ठ्याला म्हणायचे रुमाल. गावाची सगळी आठवण एका घरातल्या कोनाड्यात! महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्यावर जे कोरडे ओढलेत, त्याचं मूळ इथे आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याचं देणं-घेणं दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून होतं.

पण सगळंच कुलकर्ण्याच्या हातात होतं असंही नाही. मोठा तंटा झाला, शिवेचा किंवा वतनाचा, की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार, शेजारच्या गावचे वतनदार. निर्णयाचा कागद व्हायचा, त्याला महजर म्हणतात. त्यावर सह्या कशा? ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या कामाची खूण काढायचा. पाटलाची निशाणी नांगर. कारागिराचं त्याचं त्याचं हत्यार. जुन्या खतांवर बाईची निशाणी म्हणून बांगडी सापडते. एक छोटासा गोल. नाव लिहिता येत नव्हतं, पण ‘मी इथे होते’ हे सांगता येत होतं.

आणि एक माणूस असा होता ज्याची साक्ष सगळ्यांना लागायची: गावचा महार वतनदार. शिव कुठून कुठे जाते, कोणत्या बाभळीपाशी वळते, कोणता दगड आधी कुठे होता, हे त्याला पाठ. सरकारी निरोप नेणं, वसुलीसाठी माणसं बोलावणं, पाहुण्या अंमलदाराची सरबराई, सगळं त्याच्याच माथी. थोडक्यात, गावाचा चालता-बोलता नकाशा तो होता. पण वहीला मात्र त्याचा हात लागत नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं ते याच राबवून घेण्याविरुद्ध. ती वतनं शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली.

साखळी आली आणि सावदा उठलं

१८१८ मध्ये पेशवाई संपली. खानदेशात कॅप्टन जॉन ब्रिग्ज आला आणि त्याने मुख्य ठाणं धुळ्याला केलं. खानदेशची तेव्हाची अवस्था वाईट होती. होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी, १८०३-०४ चा दुष्काळ, यात गावंच्या गावं उठून गेली होती. सातपुड्यात भिल्लांचा प्रतिकार चालू होता. नव्या सरकारला एकच काळजी: सारा कोण देणार? आणि सारा घ्यायचा तर आधी जमीन मोजली पाहिजे.

म्हणून मोजणी. तेहतीस फुटांची साखळी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आज गुंठ्याच्या भावावरून घराघरात भांडणं होतात ना, तो गुंठा म्हणजे त्या साखळीचा चौकोन! मातीचीही प्रत लावली, आण्यांत. सोळा आणे जमीन म्हणजे उत्तम. आणेवारी शब्द आपण अजून वापरतो.

कागदावर हे सगळं नीट वाटतं. पण १८५२ मध्ये मोजणीवाले सावदा, यावल भागात आले तेव्हा शेतकरी बिथरले. साखळी आली म्हणजे सारा वाढणार, ही भीती होती. हजारोंनी लोक जमले, मोजणी बंद करा म्हणाले. एरंडोलकडेही तोच प्रकार. शेवटी सरकारने फौज आणली, म्होरक्यांना पकडलं, आणि मोजणी पुढे चालू झाली.

शाळेत आपण १८५७ शिकतो. त्याच्या पाच वर्षं आधी आपल्या केळीच्या पट्ट्यातले शेतकरी एका साखळीविरुद्ध उभे राहिले, हे किती जणांना माहीत आहे? मला तरी तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. त्यांना वेडे म्हणणं सोपं आहे. पण त्यांना एक गोष्ट बरोबर कळली होती. मोजणारा परका, वही परक्याची, आणि वहीत काय लिहायचं हेही तोच ठरवणार.

पुढे १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला, १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. त्यातून आजचे आपले कागद आले. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार. सात म्हणजे जमीन कुणाच्या नावावर. बारा म्हणजे त्यात पीक काय. सात आणि बारा एका कागदावर, म्हणून सातबारा. मधेच १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेश जळगावला आणि पश्चिम खानदेश धुळ्याला. गठ्ठेही वाटले गेले.

तिकडे अमेरिकेत

या भागाची तयारी करताना मी अमेरिकेतल्या जुन्या खेड्यांबद्दलही वाचत होतो. न्यू इंग्लंड म्हणतात त्या भागात, मॅसॅच्युसेट्समध्ये, सतराव्या शतकात गावकरी सभागृहात जमायचे आणि गावाचा कारभार ठरवायचे. गावाचा लिहिणारा, टाउन क्लार्क, निवडून यायचा. १६३९ मध्ये तिथल्या वसाहतीने जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा नियम केला. म्हणजे शिवाजी महाराज लहान होते त्या काळात!

त्यांच्या वहीत काय असायचं? कुंपणं, रस्ते, मोकाट डुकरं, कुणाच्या जनावराच्या कानावर कोणती खूण. वाचताना मला आमच्या गावचा कोंडवाडा आठवला. माणसं कुठलीही असोत, शेजाऱ्याची गाय शेतात शिरली की कारभार सुरू होतो.

फरक मोठा होता. त्यांचा लिहिणारा गावाने निवडलेला, आपला जन्माने ठरलेला. पण त्यांच्या सभेतही मत कुणाला? बायकांना नाही. गुलामांना नाही. बाहेरून आलेल्या गरिबाला तर गाव सोडून जा अशी रीतसर नोटीस द्यायचे आणि तीसुद्धा लिहून ठेवायचे. लोकशाहीची वही म्हणून जिचं कौतुक होतं, त्या वहीलाही तिच्या आतले आणि बाहेरचे होते.

म्हणजे प्रश्न इंग्रजांचा, कुलकर्ण्यांचा किंवा अमेरिकेचा नाही. वही कोण धरतो आणि तिला कोणता रकाना हवासा वाटतो, हा आहे. सरकारला सारा हवा होता, म्हणून जमीन आणि पुरुष. ‘मुलगी’चं नाव कुणाला हवं होतं?

वही गावाच्या हातात

स्वातंत्र्यानंतर हे चित्र बदललं. कुलकर्णी वतन १९५१ मध्ये संपलं, त्याच्या जागी पगारी तलाठी. मुलकी पाटीलकी १९६३ च्या सुरुवातीला गेली, उरला पोलीस पाटील. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. १९६९ च्या कायद्याने जन्म-मृत्यू नोंदणीची नवी पद्धत आली. गावच्या ग्रामपंचायतीला स्वतःचं दप्तर मिळालं, घरांची नोंद नमुना आठमध्ये. आता तर तलाठ्याचं नावही बदललंय, ग्राम महसूल अधिकारी. आमच्या गावात अजून ‘तात्या’च म्हणतात, ते सोडा.

पण नुसती पदं बदलून रकाने बदलत नाहीत. ते बदलायला माणसांनी धडपड करावी लागते. याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे: विटनेर, जळगाव जिल्हा.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची महिला आघाडी तेव्हा जोरात होती. १९८६ मध्ये चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन झालं. तिथून विचार निघाला की ग्रामपंचायती बायकांनी लढवाव्यात. १९८९ मध्ये विटनेरमध्ये सगळ्या बायकांचं पॅनल निवडून आलं. लक्षात घ्या, तेव्हा संविधानातली ७३ वी दुरुस्ती झालेली नव्हती. बायकांच्या एक तृतीयांश आरक्षणाचा तो नियम १९९३ मध्ये लागू झाला. विटनेरच्या बायका त्याच्या चार वर्षं आधी प्रोसिडिंग बुकावर सह्या करत होत्या.

त्यानंतर लक्ष्मीमुक्ती मोहीम आली. जोशींचं शेतकऱ्यांना सांगणं असं होतं: तुम्ही म्हणता सरकारवर आमचं देणं आहे, मग घरातल्या लक्ष्मीचं तुमच्यावर देणं नाही का? जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. विटनेरमध्ये शंभराहून जास्त बायकांच्या नावावर जमीन झाली. पुढे १९९२ मध्ये सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सातबाऱ्याला लावायची सोय केली.

शंभर बायका. ज्यांच्या जन्माच्या नोंदीत बहुतेक ‘मुलगी’ असंच असणार, त्यांची नावं नमुना सातमध्ये चढली.

आणि ज्यांचं गावच वहीत नाही, त्यांचं काय? शिरपूर, चोपडा, यावलच्या वर सातपुड्यात पावरा, भिल्ल, बारेला कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसत आली. कागदावर ती जमीन जंगल खात्याची. म्हणजे कागदावर ते अतिक्रमणवाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्यांदा एक वेगळी गोष्ट मान्य केली. पुरावा म्हणून गावातल्या जाणत्या माणसाचं सांगणं लिहून घेतलं तर तेही चालेल, आणि दावा आधी ग्रामसभेपुढे येईल. जुन्या गोतसभेत शिवेची साक्ष तोंडी चालायची, आठवतं? ती गोष्ट अशी परत आली, आणि या वेळी साक्ष देणारा स्वतःच्या हक्कासाठी बोलत होता.

धुळ्याचा वेडा माणूस

धुळ्याचं नाव निघालं की इतिहासाचार्य राजवाड्यांना विसरता येत नाही. वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यावरचे, उंदरांनी कुरतडलेले रुमाल सोडवत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड त्यातून निघाले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात गेले. त्यांच्या माघारी तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. धुळ्याला गेलात तर बघा.

राजवाड्यांचं मोठेपण मला त्या अभिलेख कक्षात कळलं. एक गठ्ठा सोडायला, एक पान वाळवीपासून वाचवायला किती जीव लागतो! २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा गावोगावच्या कचेऱ्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. शंभर वर्षं ज्या कागदांकडे कुणी बघितलं नाही, त्यांच्या एका शब्दावर आता मुलांचं भविष्य अडलंय. बाजू कुठलीही घ्या, एवढं तर कबूल कराल की रद्दी म्हणून फेकायचा कागद असा कुठलाच नसतो.

आणि आमचा सातबारा

आता शेवटचं, थोडं अवघड बोलतो.

कचेरीतून आल्यावर मी मोबाईलवर आमच्याच शेताचा सातबारा काढला. पंधरा रुपयांत, दोन मिनिटांत, डिजिटल सहीचा. मग जुने फेरफारही बघितले. आजोबा वारले तेव्हाची वारस नोंद सापडली. आजी, वडील, काका आणि दोन आत्या. सगळ्यांची नावं होती! मला बरं वाटलं. कायदाच तसा आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, १९९४ ची महाराष्ट्राची दुरुस्ती, २००५ ची केंद्राची. मुलीला वाटा आहे.

मग पुढचा फेरफार उघडला. सहाच महिन्यांनंतरचा. हक्कसोड. दोन्ही आत्यांची नावं कमी.

मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, ‘अरे, तशीच पद्धत आहे. त्यांनी राजीखुशीने सही केली.’ मोठ्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, ‘भाऊ तुटला असता रे. माहेर राहायला पाहिजे ना.’ आणि विषय बदलला.

आजीच्या काळात नाव लिहिणाऱ्याने लिहिलं नव्हतं. आत्यांचं नाव लिहिलं गेलं होतं, कायद्याने लिहायला लावलं होतं. ते आम्ही खोडलं. साखळी घेऊन कुणी परका आला नव्हता. कुलकर्णीही नव्हता. स्टॅम्प पेपर काकांनी आणला होता, वडिलांनी गाडी काढली होती, आणि त्या दिवशी आत्यांना साड्या घेतल्या होत्या. मी तेव्हा दहावीत होतो. त्या साड्यांचे फोटो माझ्याकडे अजून आहेत.

यावर घरात बोलणं सुरू झालंय. काय होईल ते सांगता येत नाही. वडील दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘तात्याला विचारून ठेव, परत नाव लावायचं तर काय करावं लागतं.’ एवढंच. मी विचारून ठेवलंय.

राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं केलं. म्हणजे १९३७ च्या त्या पानावर जो रकानाच नव्हता, तो आता भरावाच लागणार. सत्याऐंशी वर्षं लागली.

तुमच्यासाठी एकच काम. आज रात्री घरच्या शेताचा किंवा घराचा उतारा काढा. नावं मोजा. मग त्याआधीचा फेरफार बघा, कुणाचं नाव कमी झालंय ते. आणि ते माणूस हयात असेल तर त्यांना एक फोन करा. काय म्हणाले ते मला कळवा, परवानगी असेल तर पुढच्या भागात, नाव न घेता, वाचून दाखवेन.

आजीला मी शेवटी खरं सांगितलं. की तुझं नाव नाहीये, नुसतं ‘मुलगी’ लिहिलंय. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘मंग आते लिखी दे ना तू.’ मग आता लिहून टाक ना तू.

सरकारी वहीत मी कसं लिहिणार? पण इथे तर लिहू शकतो. माझ्या आजीचं नाव सरूबाई.

भेटू पुढच्या भागात.